निरवानिरव : चाहत्यांच्या वसाहती बंद होतात तेव्हा

आजचा विषय जाहीर झाल्यावर जो प्रश्न येणार असं आम्हांला वाटत होतं, तो आलाच. एखाद्या मालिकेचे किंवा पुस्तकाचे चाहते इंटरनेटवर जमतात, दहा-पंधरा वर्षं गप्पा मारतात, कथा लिहितात, भांडतात, आणि एक दिवस ती जागा बंद होते. यात इतिहास कुठे आला?

आमचं म्हणणं असं, की माणसं एकत्र कशी आली यावर इतिहासात पुष्कळ लिहिलं गेलं आहे. ती पांगली कशी, आणि पांगताना मागे काय ठेवून गेली, यावर त्यामानाने कमी. आपल्याकडे 'निरवानिरव' हा एक फार नेमका शब्द आहे. गाव सोडायचं ठरलं की माणूस देणी-घेणी मिटवतो, कुणाची भांडी परत करतो, तुळशीचं रोप शेजारणीच्या ताब्यात देतो, पोस्टमनला नवा पत्ता सांगून ठेवतो. निरोप दोन मिनिटांत घेता येतो. निरवानिरवीला मात्र वेळ लागतो, आणि त्याआधी आपण जाणार आहोत हे कळावं लागतं. इंटरनेटवरच्या चाहत्यांना ही निरवानिरव कधी करायला मिळाली, कधी मिळाली नाही आणि का, एवढाच आज आपला प्रश्न आहे.

सुरुवात इंटरनेटच्या बरीच आधी करावी लागेल. १९२६ साली अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक यांनी 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचं मासिक काढलं. त्यात वाचकांची पत्रं छापली जात आणि पत्राखाली लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ता असे. झालं! वाचक संपादकाला सोडून एकमेकांनाच पत्रं लिहू लागले. १९३० मध्ये 'द कॉमेट' निघालं. चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेलं पहिलं नियतकालिक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. अशा नियतकालिकांना पुढे 'फॅनझिन' हे नाव पडलं. आपल्याकडे सायक्लोस्टाइल केलेले अंक ज्यांनी पाहिलेत, हाताला लागणारी ती शाई ज्यांना आठवते, त्यांना फॅनझिन कसं दिसत असेल ते वेगळं सांगायला नको.

मग 'स्टार ट्रेक' आलं. १९६६ च्या सप्टेंबरात एनबीसीवर सुरू झालेली ही मालिका ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद झाली. तिचं पहिलं फॅनझिन 'स्पॉकेनेलिया' १९६७ मध्येच निघालं होतं. ते काढणाऱ्या दोघी बायका होत्या, आणि पुढच्या काळातही हे अंक लिहिणं, टंकणं, टाचणं, पोस्टात टाकणं ही कामं मोठ्या प्रमाणावर बायकांनीच केली. मालिका संपली म्हणून चाहते घरी गेले नाहीत. १९७२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये संमेलन भरवलं तेव्हा आयोजकांना काही शे लोक अपेक्षित होते. आले तीन हजारांहून जास्त.

या कागदी काळातली एक गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला तिच्याकडे परत यायचं आहे. फॅनझिनची प्रत प्रत्येक वर्गणीदाराच्या घरी असे. संपादक थकली, लग्न करून दुसऱ्या गावी गेली, पैसे संपले, अंक बंद पडला, तरी कपाटातली प्रत कपाटातच राहिली. ती परत मागायचा अधिकार कुणाला नव्हता.

आता इंटरनेट. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या विद्यापीठांत युजनेट सुरू झालं. तुम्ही एका संगणकावर मजकूर लिहायचा, तो रात्रीतून दुसऱ्या, तिसऱ्या, शेकडो संगणकांवर नकलून जायचा. विषयावार गट होते. स्टार ट्रेकवाल्यांचा होता, नंतर 'एक्स-फाइल्स'वाल्यांचा झाला. नायक-नायिकेचं जमावं असं वाटणाऱ्यांना 'शिपर' म्हणतात, हा आज जगभर चालणारा शब्द त्या एक्स-फाइल्सच्या मंडळींतलाच. हिंदी चित्रपटसंगीताचा एक गट होता, त्याला थोडक्यात 'आरएमआयएम' म्हणत. परदेशात शिकायला गेलेली आपली मुलं तिथे जुन्या गाण्यांचे शब्द आयट्रान्स पद्धतीने, म्हणजे रोमन अक्षरांत, टंकून ठेवत. त्यातून 'आयट्रान्स साँग बुक' हा मोठा संग्रह उभा राहिला. मराठी माणसांचाही एक स्वतंत्र गट युजनेटवर होता. तिथे भांडणं कशावरून होत हे तुम्हांला सांगायची गरज नाही.

युजनेटला मालक नव्हता, आणि तिथलं लेखन टिकणार असं कुणी धरून चाललेलं नव्हतं. संगणकांत जागा थोडी, म्हणून काही आठवड्यांनी जुना मजकूर पुसला जाई. लोक त्या बेताने लिहीत. पारावर बसून बोलावं तसं.

आणि इथेच एक विचित्र गोष्ट झाली. टोरोंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर नावाचे संगणक सांभाळणारे गृहस्थ होते. १९८१ ते १९९१ या काळातला युजनेटचा मजकूर पुसण्याऐवजी ते चुंबकीय फितींवर उतरवून ठेवत गेले. १४१ फिती झाल्या. दुसरीकडे १९९५ मध्ये 'डेजा न्यूज' या कंपनीने चालू मजकूर साठवून तो शोधता येण्याची सोय केली. २००१ मध्ये गूगलने डेजाचा साठा विकत घेतला, स्पेन्सर यांच्या फितींतला मजकूरही त्यात आला, आणि पारावरच्या वीस वर्षांच्या गप्पा एका खिडकीत नाव टाकून कुणालाही शोधता येऊ लागल्या.

काहींना हरवलेला ट्रंकेचा ठेवा सापडल्यासारखं झालं. काहींच्या पोटात गोळा आला. एकोणीस-वीस वर्षांचे असताना, स्वतःच्या नावाने, विद्यापीठाच्या पत्त्यावरून लिहिलेलं ते. आता त्यांना नोकरीवर ठेवणारा साहेबही ते वाचू शकत होता. मजकुराच्या माथ्यावर 'साठवू नये' अशी खूण टाकायची सोय तोवर झाली होती, पण १९८५ साली लिहिणाऱ्याला ती कुठून माहीत असणार? तेव्हा, निरोपाच्या इतिहासातली ही पहिली अडचण. एखादी जागा नाहीशी होणं हे दुःख आहे हे आपण गृहीत धरतो. तिथे राहिलेल्या काही माणसांना ती नाहीशी व्हायलाच हवी होती.

आता आपण मालक असलेल्या जागांकडे येऊ, कारण खरी कथा तिथे आहे.

१९९४ मध्ये अमेरिकेत जिओसिटीज सुरू झालं. कल्पना मोठी गोड होती. स्वतःचं पान फुकट मिळेल, आणि ते एका मोहल्ल्यात असेल. रॉक संगीताचे चाहते 'सनसेट स्ट्रिप'मध्ये, सिनेमा-दूरदर्शनवाले 'हॉलिवूड'मध्ये, विज्ञानकथा आणि अद्भुतकथांचे 'एरिया फिफ्टीवन'मध्ये. प्रत्येक पानाला घरासारखा क्रमांक. राहणाऱ्यांना म्हणायचे 'होमस्टेडर', म्हणजे माळरानावर जमीन कसून ती आपली करणारे वसाहतकार. पानावर काय काय असे! किती जण येऊन गेले ते मोजणारा आकडा, 'काम चालू आहे'ची पाटी, चांदण्यांची काळी पार्श्वभूमी, आणि अभिप्रायाची वही. शिवाय 'वेबरिंग': एकाच मालिकेच्या चाहत्यांची पानं साखळीसारखी जोडलेली, एका घरातून निघालात की पुढच्या दारी. आज त्या सजावटीला हसू येतं, पण शोधयंत्रं धड नसलेल्या काळात या साखळ्यांनीच लोकांना लोकांपर्यंत पोचवलं. सजावटीबद्दल आमचं मत विचाराल तर, वाड्याच्या ओसरीवर प्रत्येक बिऱ्हाडाने आपापली रांगोळी काढावी तसं ते होतं. एकही दुसरीसारखी नाही.

१९९९ च्या जानेवारीत याहूने जिओसिटीज घ्यायचं जाहीर केलं. किंमत साडेतीन अब्ज डॉलर्सच्या वर. जूनमध्ये नव्या अटी आल्या. त्यांचा अर्थ असा होत होता, की या पानांवर तुम्ही जे काही ठेवाल ते वापरायचा जवळजवळ सगळा अधिकार कंपनीला. वसाहतकार खवळले. त्यांनी केलेला निषेध आम्हांला फार लक्षणीय वाटतो. त्यांनी आपल्या पानांवरचे रंग आणि चित्रं काढून टाकली आणि पानं करडी करून ठेवली. गल्लीच्या गल्ली करड्या. या आंदोलनाला त्यांनी 'हॉन्टिंग', म्हणजे भुतांचा वावर, असं नाव दिलं. कंपनीने साधारण आठवडाभरातच माघार घेतली.

जिंकले खरे. पण त्या आठवड्यात एक गोष्ट उघड झाली होती. आपण जमिनीचे धनी आहोत असं ज्यांना वाटत होतं ते बिनभाड्याचे भाडेकरू होते. घरमालकाने एक अट मागे घेतली, एवढंच.

दहा वर्षांनी, २००९ च्या एप्रिलमध्ये, जिओसिटीज बंद करणार अशी घोषणा झाली आणि २६ ऑक्टोबरला ते बंद झालं. मधे सहा महिने होते. सहा महिने थोडे नाहीत, असं तुम्ही म्हणाल. पण कळवणार कुणाला? पानं ज्यांनी केली ते कधीच कॉलेज संपवून, नोकरीला लागून, दुसरीकडे राहायला गेले होते. नोंदवलेला ईमेल पत्ता कॉलेजचा, तो बंद. पासवर्ड विसरलेला. पुष्कळांना आपलं पान गेल्याचं वर्षा-दोन वर्षांनी, सहज आठवण होऊन शोधायला गेल्यावर कळलं. दवंडी पिटली गेली, पण गावात माणूस नव्हता.

जे वाचलं ते परक्यांनी वाचवलं. जेसन स्कॉट आणि त्यांच्यासोबतच्या स्वयंसेवकांनी 'आर्काइव्ह टीम' नावाने जिओसिटीजची पानं रात्रंदिवस उतरवून घेतली आणि २०१० मध्ये तो सगळा ढीग लोकांना खुला केला. इंटरनेट आर्काइव्हनेही आपल्या परीने साठवलं. या लोकांचे उपकार मोठे आहेत, त्याविषयी दुमत नको. तरी ही निरवानिरव नव्हे. हा पंचनामा आहे. घरात काय काय होतं त्याची यादी आणि फोटो. घरधनी हजर नाही, त्याला विचारायला सवड नाही. हवं ते आणि नको ते, सगळं एकाच पोत्यात.

आता थोडं मागे, २००७ मध्ये. चाहत्यांच्या इतिहासात हे वर्ष फार दगदगीचं आहे. त्या वेळी कथा लिहिणाऱ्या चाहत्यांचा मोठा मुक्काम लाइव्हजर्नलवर होता. मे महिन्याच्या शेवटी तिथे एका रात्रीत शेकडो खाती बंद करण्यात आली. बंद खात्याच्या नावावर आडवी रेघ दिसे, म्हणून या प्रकरणाचं नावच 'स्ट्राइकथ्रू' पडलं. आक्षेपार्ह मजकूर काढण्याच्या घाईत निव्वळ साहित्यचर्चेची खातीही गेली होती. कंपनीने पुढे चूक मान्य करून बरीच परत सुरू केली. त्याच सुमारास फॅनलिब नावाची एक कंपनी चाहत्यांच्या कथांवर धंदा करायला उतरली होती, आणि जिथे चाहत्यांनी फुकट लिहायचं तिथे नफा दुसऱ्याचा का, अशी चर्चा पेटली होती.

या चर्चेत टोपणनावाने लिहिणाऱ्या एका लेखिकेने मांडणी केली, की आपल्याला आपलं स्वतःचं संग्रहालय हवं: यंत्रं आपली, नियम आपले, वर्गणी आपली. त्या मांडणीच्या शीर्षकात व्हर्जिनिया वुल्फ यांच्या 'स्वतःच्या खोली'चा प्रतिध्वनी होता. त्यातून 'ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स' ही ना-नफा संस्था स्थापन झाली आणि तिने 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' बांधलं. ते सर्वांसाठी खुलं झालं १४ नोव्हेंबर २००९ रोजी, म्हणजे जिओसिटीज बंद झाल्यावर एकोणीस दिवसांनी. हा योगायोग आहे, त्यातून कार्यकारणभाव काढू नका. पण तारखा एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात अशा आहेत.

या संस्थेचा 'ओपन डोअर्स' नावाचा एक विभाग आहे, आणि आमच्या मते आजच्या विषयात सर्वांत मोलाची गोष्ट तीच. एखादं जुनं कथासंग्रहस्थळ असतं. चालवणारी दोन-तीन माणसं, वीस वर्षं चालवून दमलेली. सॉफ्टवेअर जुनाट, खर्च खिशातून. ती ओपन डोअर्सकडे येतात. मग काय होतं? आधी जाहीर सूचना. मग नोंदलेल्या प्रत्येक पत्त्यावर लेखकाला पत्र. तुमची कथा इथे आहे, जागा हलते आहे, तुमचं काय म्हणणं? लेखक म्हणू शकतो, माझ्या नव्या नावावर घ्या. म्हणू शकतो, आणू नका, मला ती नकोय. ज्यांचा पत्ताच लागत नाही त्यांच्या कथा संग्रह चालवणाऱ्याच्या खात्यातून, मूळ नावानिशी, नव्या जागी ठेवल्या जातात. जुन्या स्थळाचं नाव त्या संचाला राहतं, आणि जमेल तिथे जुना दुवा दाबला की माणूस नव्या जागी पोचतो.

आणखी एक मार्ग आहे. इंग्रजीत त्याला 'ऑर्फन' करणं म्हणतात, आपण म्हणू कथा पोरकी करणं. लेखकाला कथा राहायला हवी आहे, पण आपलं नाव तिच्यावर नको. मग नाव कायमचं सुटतं, आणि कथा अशाच पोरक्या कथांच्या एका समाईक खात्यात जाते. युजनेटच्या फितींच्या वेळी ज्या माणसाच्या पोटात गोळा आला होता, त्याच्यासाठी हा मार्ग आहे असं म्हणा ना. ठेवायचं की पुसायचं यांच्या मधली ही तिसरी वाट. ती चाहत्यांनी काढली, कारण तो गोळा त्यांच्याच पोटात आला होता.

उदाहरण घेऊ. २००१ मध्ये सुरू झालेलं 'फिक्शनॲली' हे हॅरी पॉटरच्या चाहत्यांचं एक मोठं कथास्थळ. त्याचे विभाग शाळेतल्या घरांसारखे: कादंबरीएवढ्या मोठ्या कथांचं 'श्नूगल', प्रेमकथांचा 'ॲस्ट्रॉनॉमी टॉवर', विनोदी लेखनाचं 'रिडिक्युलस', गंभीर, काळवंडलेल्या कथांचं 'द डार्क आर्ट्स'. मूळ कादंबरीमालेचं शेवटचं पुस्तक २००७ च्या जुलैत आलं. त्याआधीच्या वर्षांत पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्या न-माहीत असण्यावर ही सगळी वसाहत जगत होती. पुस्तकमाला पूर्ण झाली, शेवटचा सिनेमा २०११ मध्ये आला, लिहिणारे मोठे झाले. हे स्थळ पुढे ओपन डोअर्समार्फत हलवण्यात आलं. हजारो कथा, हजारो टोपणनावं. एकेकाला पत्र.

सगळं वाचलं का? नाही. अशा स्थलांतरात साधारणपणे कथा येते. कथेखालची चर्चा, 'पुढचा भाग कधी?' म्हणून केलेला तगादा, मध्यरात्री तिसऱ्या देशातून आलेली दाद, हे बहुतेक येत नाही. आणि चाहतेपणा म्हणजे मोठ्या प्रमाणात तोच तर असतो. मैफलीतलं गाणं ध्वनिमुद्रित झालं आणि पहिल्या रांगेतली 'वाहवा' कापली गेली, असं काहीसं. या मुद्द्यावर संग्रह करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कथेचा लेखक एक असतो, त्याला विचारता येतं. चारशे अभिप्रायांच्या चारशे धन्यांना कुणी शोधावं?

२०१९ मध्ये ऑगस्ट महिन्यात डब्लिनच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन'ला ह्यूगो पुरस्कार मिळाला. हो, त्याच गर्न्सबॅक यांच्या नावाचा. पुरस्कार घेताना नेओमी नोविक यांनी, सभागृहात जे कुणी स्वतःला या मंडळींपैकी मानतात त्यांनी उभं राहावं, अशी विनंती केली. पुष्कळ लोक उभे राहिले.

दोनच महिन्यांनी, १६ ऑक्टोबरला, याहू ग्रुप्स आवरायची घोषणा झाली. हे गट २००१ पासूनचे. एका-एका मालिकेच्या, एका-एका पात्राच्या चाहत्यांचे असंख्य गट तिथे होते, आणि बरेच पूर्वीच बंद पडून नुसते साठलेले होते. २८ ऑक्टोबरपासून नवीन काही ठेवता येणार नव्हतं, १४ डिसेंबरला जुनं पुसलं जाणार होतं. दोन महिनेही नाहीत. या वेळी चाहते दहा वर्षांपूर्वीसारखे गाफील नव्हते. याद्या झाल्या, कामं वाटली गेली, कोणता गट कुणी उतरवायचा हे ठरलं. अडचण अशी होती, की पुष्कळ गट फक्त सदस्यांसाठी होते. आत गेल्याशिवाय वाचवता येत नाही. आणि आत जाऊन घेतलेलं, ज्यांनी दार लावून गप्पा मारल्या त्यांना विचारल्याविना बाहेर कसं ठेवायचं? मोठ्या संख्येने गटांत शिरणाऱ्या स्वयंसेवकांची खाती कंपनीने मधेच अडवली, ओरड झाली, मुदत ३१ जानेवारीपर्यंत वाढली. १५ डिसेंबर २०२० रोजी उरलीसुरली सेवाही थांबली.

त्याच २०२० मध्ये आणखी एक गोष्ट घडली, आणि ती फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. हेन्री स्पेन्सर यांच्या त्या १४१ फितींचा मजकूर इंटरनेट आर्काइव्हवर सर्वांसाठी ठेवलेला होता. एका व्यक्तीने आपल्या जुन्या लेखनावरून कायदेशीर मागणी लावून धरली, आणि तो सगळा संग्रह तिथून उतरवावा लागला. एका माणसाचा हक्क आणि हजारो माणसांच्या दहा वर्षांच्या गप्पा. यात बरोबर कोण हे ठरवायला आमच्यातच एकमत झालं नाही, तेव्हा तुमच्यावर ते लादत नाही.

आणि कागदाचं काय झालं? मघाशी म्हटलं होतं, कपाटातल्या प्रतींकडे परत येऊ. ओपन डोअर्सने अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाशी करार केला आहे. स्टार ट्रेकच्या जमान्यापासून फॅनझिन्स जपून ठेवलेल्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांची खोकी, किंवा त्या गेल्यावर घरच्यांना माळ्यावर सापडलेली खोकी, तिथे जातात. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बसून ती पाहता येतात. शाई फिकट झाली आहे, टाचण्या गंजल्या आहेत, पण वाचता येतं.

ज्यांचे लेखक सापडले नाहीत, त्या हलवलेल्या कथांबद्दल शेवटचं सांगतो. अनेक वर्षांनी त्यातला एखादा लेखक आला, आणि ही माझी असं त्याने पटवून दिलं, तर ती कथा त्याच्या हवाली केली जाते. तशी पत्रं येतात. मग ती ठेवायची की पुसायची, ते तो ठरवतो.

प्रश्नांसाठी थोडा वेळ आहे. माइक मागच्या रांगेपासून सुरू करूया.